बिनखिळ्यांचा पूल

अहो, परवा तेरावा झाला. पाहुणे पांगले. वन्सं काल सकाळच्या मोटारीने गेल्या. जाताना त्यांना तुमची ती काळी काच हवी होती, लोखंड जोडायच्या झाळकामाच्या वेळी डोळ्यांपुढे धरायची. ग्रहण बघायला बरी पडेल म्हणाल्या. मी म्हटलं, सापडत नाही हो. ती माझ्या ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या खाली. तुम्ही गेलात तरी माझं खोटं बोलणं काही थांबलेलं नाही बघा.

ते कधी सुरू झालं हेच आज सांगायला बसले आहे. उद्या दादा मला माहेरी नागावला न्यायला येणार आहे आणि त्याआधी सकाळी भिडे ओव्हरसियर तुमची पुलाची वही न्यायला येणार आहेत. म्हणजे हातात आजची दुपार आणि संध्याकाळ एवढाच वेळ आहे. तुमच्या टेबलाशी बसले आहे, तुमच्याच खुर्चीत. हिचा एक पाय लंगडा आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. सगळ्या जिल्ह्याचं लोखंड जोडत फिरलात आणि स्वतःच्या खुर्चीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून बसत होतात.

भिड्यांनी तुमच्याबद्दल चार ओळी वर्तमानपत्रात छापून आणल्या. कुठे शिकलात, कुठे नोकरी केलीत, आणि या भागात विजेच्या झाळीने लोखंडी पूल जोडणारे तुम्ही पहिले, वगैरे. खरं आहे सगळं. पण भात कालवता कालवता ताटाशेजारी फरशीवर तुम्ही तुळया काढायचात आणि पेन्सिलीचं टोक आमटीत बुडायचं, ते त्यात नाही. मी ओरडले की तुम्ही पेन्सिल चाटून पुढे काढायला लागायचात. आता फरशी स्वच्छ असते. मला ती बघवत नाही.

मुंबईतले आपले पहिले दिवस आठवतात तुम्हाला? गोदीजवळच्या जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात तुम्ही नव्यानेच लागला होतात. एके दिवशी संध्याकाळी घरी आलात ते भिंत चाचपत. डोळे लाल, पाणी थांबेना. मला वाटलं, कुणी मिरची फेकली. तुम्ही मात्र आनंदात! म्हणालात, "अगं, आज खिळा न मारता दोन पत्रे जोडताना बघितले. काच धरायचं भानच राहिलं नाही." शेजारणीने सांगितलं म्हणून मी बटाट्याचे काप करून तुमच्या डोळ्यांवर ठेवले. तुम्ही चटईवर उताणे पडलात, डोळ्यांवर बटाटे, आणि तासभर मला समजावत राहिलात की खिळ्यांनी जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये कितीही ठोकलं तरी फट राहतेच, त्या फटीत खारं पाणी शिरतं आणि लोखंड आतून खात सुटतं. झाळलेल्या सांध्यात फटच नाही, तर पाणी जाईल कुठून? मला एक अक्षर कळलं नव्हतं. पण असा माणूस मी आधी पाहिला नव्हता, डोळे फुटायची वेळ आलेली आणि तोंडावर लग्नातल्यासारखं हसू. त्या दिवशी तुम्ही मला आवडलात. त्याआधी नुसते नवरा होतात.

कळलं ते पुढे, इकडे आल्यावर. मामंजी मिठागरावर कारकून होते. आगरात जायला लोखंडी साकव होता, त्याच्या खिळ्यांखालून गंज गळायचा आणि तुमच्या शाळेच्या सदऱ्याला डाग पडायचे. एका वर्षी तो साकव दोन माणसांसकट खाली बसला. माणसं चिखलात पडली म्हणून वाचली. तुमच्या डोक्यात पूल शिरला तो तेव्हापासून, असं सासूबाई सांगायच्या. मुंबईचा चांगला पगार सोडून तुम्ही या खारात सरकारी नोकरीवर आलात तेव्हा मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी तुम्ही विचारलंत, "आज मीठ कमी आहे का आमटीत?" आणि मी हसले. तिथेच हरले.

तुमचा पूल म्हणजे काही फार मोठा नाही. तीन गाळ्यांचा, दोन बैलगाड्या जेमतेम एकमेकींना वाट देतील एवढा. पण त्यासाठी तुम्ही किती वर्षं किती साहेबांच्या दारात बसलात! भिडे तर तोंडावर हसायचे. त्यांची उभी हयात खिळे ठोकण्यात गेलेली. हातोडीने खिळा वाजवायचा, आवाज टणटणीत आला की पास, बद्द आला की काढून नवा. ते म्हणायचे, "तुमच्या सांध्याला वाजवायचं कुठे, ते तरी सांगा." तुम्ही म्हणायचात, "शिवण वाजवून बघता का कधी?" शिवणीचं नाव काढलंत की मी आतून ओरडायची, शिवण म्हणता तर टाका दिसला पाहिजे. मग एकदा तुम्ही मला कामावर नेलंत, काळी काच हातात दिलीत आणि दुसऱ्या हातात चिमटा. मी चिमट्यातली झाळायची कांडी पत्र्याला टेकवली ती चिकटूनच बसली. तुमचा झाळकाम करणारा दामा खो खो हसला. मग कशीबशी बोटभर ओढली. ती माझी वाकडीतिकडी शिवण असलेला लोखंडाचा तुकडा तुम्ही कागदांवर ठेवायला वापरत होतात. आत्ताही तो इथेच आहे, या कागदावर.

दामा आगरातला, मीठ ओढणाऱ्या घरातला. तुम्ही त्याला मुंबईला नेऊन कारखान्यात शिकवून आणलंत आणि त्याचा हात तुमच्यापेक्षा स्थिर निघाला. तुम्ही ते सगळ्यांना सांगायचात. तो लाजून दुसरीकडे बघायचा.

आणि मी. पुलाच्या कामात मीही होते, नाही का? विलायतेहून डब्यातून झाळायच्या कांड्या यायच्या, वर औषधाचा लेप दिलेल्या. इकडची हवा अशी की सकाळी उघडं ठेवलेलं बिस्कीट दुपारी मऊ. कांडीला ओल लागली तर सांधा आतून पोकळ राहतो, हे तुम्ही मला दहादा सांगितलंत. मग स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीकडे बघून म्हणालात, "तुझे पापड तिथे वर्षभर कुडकुडीत राहतात. माझ्या कांड्यांनी काय पाप केलंय?" पापड खाली आले आणि कांड्या वर गेल्या. रोज सकाळी दामा मागच्या दारी यायचा, "वयनी, कांड्या द्या," आणि मी दिवसाची जुडी काढून द्यायची. मला किती मोठेपण वाटायचं! आमच्या घरी पूल शिजतोय, असं मी नागावला पत्रात लिहिलं होतं.

आता पुढचं.

चैत्रात वन्सं मुलाबाळांसकट पालीला बल्लाळेश्वराला जायला निघाल्या आणि वाटेत तीन दिवस आपल्याकडे राहिल्या. तुम्ही त्या दिवसांत पुलावरच होतात, जेवायला तेवढे यायचात. वन्सं म्हणाल्या, "चुलीवर हे लोखंड कसलं गं? देवाला नेवैद्य करायचा, त्यावर औषधाचा वास." मी वाद घालायला हवा होता. तुमच्याशी एरवी घालतेच की. पण नणंदेपुढे मी गरीब झाले. कांड्या काढल्या आणि कोठीच्या खोलीत ठेवल्या. जमीन ओलसर, म्हणून जमिनीवर ठेवल्या नाहीत. उंचावर म्हणून मिठाच्या गोणीवर ठेवल्या.

मिठाच्या गोणीवर! नागावच्या वाडीत वाढलेली मी, मला सुपारी कशी सुकवायची ते कळतं. आगरातल्या कुठल्याही बाईने हे केलं नसतं. खाडीचा वारा लागला की गोणीला पाणी सुटतं, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. चौथ्या दिवशी वन्सं गेल्या, मी जुड्या उचलल्या तर खालच्या दोन ओल्या, चिकट. मी जुन्या पातळाने एकेक कांडी पुसली आणि फळीवर ठेवली. रात्रभर चूल विझू दिली नाही. सकाळी हात लावून बघितलं, कोरड्या ठणठणीत. दामा आला, मी दिल्या. तुम्हाला सांगायचं मनात होतं. पण तुम्ही घाईत होतात आणि त्या दिसत होत्या अगदी छान.

परीक्षेच्या दिवशी पुलावर वजन म्हणून मिठाच्याच गोणी रचल्या होत्या, आगर जवळ म्हणून. मी बायकांबरोबर बांधावर उभी होते. साहेब छत्रीखाली, भिडे घड्याळ धरून, आणि तुम्ही पुलाच्या खाली, चिखलात, मान वर करून. पूल पडला तर पहिला माझ्यावर पडू दे, असं तुम्ही साहेबाला सांगून तिथे गेला होतात. गोणी चढत गेल्या. मग आवाज आला, मोठा नाही, अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच. तिसऱ्या गाळ्याच्या सांध्याला केसाएवढी चीर गेली. बाकी सगळा पूल जागचा हलला नाही. गोणी उतरवल्या. साहेब निघून गेला. भिड्यांनी त्या सांध्यावर पट्टी मारून सोळा खिळे ठोकले आणि पूल चालू झाला. लोक अजून त्याला बिनखिळ्यांचा पूल म्हणतात. सोळा खिळे तुम्हाला, मला आणि भिड्यांनाच दिसायचे.

दिवेलागणीला तुम्ही त्या सांध्याचा कापलेला तुकडा घेऊन घरी आलात. मला दाखवलात. आत बारीक बारीक भोकं, घावनाला जाळी पडते तशी. तुम्ही विचारलंत, "अगं, कांड्या फळीवरच होत्या ना? खाली नव्हत्या ना उतरवल्यास?"

मी म्हटलं, "फळीवरच होत्या."

तुम्ही मान हलवलीत आणि हात धुवायला गेलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. एकदा तरी विचारायचं होतंत. रागावून, दरडावून. माझ्या हातून भांडं फुटलं तरी तुम्ही चार वेळा चौकशी करायचात, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला माझा एक शब्द पुरला?

त्या रात्री सांगणार होते. मग आठवड्याने, मग दिवाळीत. साहेबाची वर बदली झाली तेव्हा वाटलं, आता सांगायला हरकत नाही. जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं. आधी कांड्यांबद्दल सांगायचं होतं, नंतर कांड्यांबद्दल आणि खोटं बोलल्याबद्दल, आणि शेवटी इतकी वर्षं गप्प राहिल्याबद्दल.

तुम्ही दुसऱ्या पुलासाठी अर्ज केलात, तिसऱ्यासाठी केलात. दर वेळी वरून एकच प्रश्न यायचा, पहिल्या पुलाला चीर का गेली? आणि तुम्ही, एवढे हट्टी, एवढे भांडखोर, खरं तेच लिहायचात, की कारण सापडलेलं नाही. ठोकून द्यायचं होतंत काहीतरी! भिडेसुद्धा म्हणाले होते, ओल लागली म्हणून लिहा, कोण बघायला येतंय. तुम्ही म्हणालात, "ओल नव्हती. घरी विचारलंय." मी तेव्हा आत पोहे भिजवत होते. ऐकलं आणि पोह्यांत पाणी ओततच राहिले. त्या दिवशी तुम्ही लगदा खाल्लात आणि बरे झालेत म्हणालात.

पुढे तुम्हाला मोऱ्या मिळाल्या, रस्ते मिळाले, पाण्याच्या टाक्या मिळाल्या. पूल नाही मिळाला. परदेशात कुठे कुठे झाळीचे मोठाले पूल उभे राहिले त्याची चित्रं मासिकात आली की तुम्ही मला दाखवायचात. हेवा नसायचा तुमच्या आवाजात, आणि मला तेच सहन व्हायचं नाही. मी मग मुंबईचा विषय काढायची. चला परत गोदीत, तिथे तुमची कदर होईल. तुम्ही म्हणायचात, दुसरा पूल झाला की जाऊ. किती भांडलो आपण त्यावरून! मी तुम्हाला आडमुठे म्हटलं, खाडीतला खेकडा म्हटलं. ते भांडण अर्धंच राहिलं. माझी बाजू पूर्ण खोटी होती, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही केव्हाच जिंकला असतात.

नागावला जाताना तुम्ही पुलावर गाडी थांबवायचात. वाकून त्या सोळा खिळ्यांवरून हात फिरवायचात आणि तांबडा झालेला तळवा मला दाखवायचात. "बघ, चार वर्षांत पट्टीतून गंज गळायला लागला. माझे सांधे बघ कसे कोरडे." तेवढ्यापुरता चेहरा उजळायचा. मग गाडी हलायची. मी समोर बसून नारळाच्या झापांकडे बघत राहायची.

आणि तापातला तो शेवटचा मंगळवार. दुपार होती, मी पेज भरवत होते. तुम्ही शुद्धीवर होतात, अगदी स्वच्छ. म्हणालात, "कुठे चुकलं असेल गं माझं?" मला माहीत होतं कशाबद्दल विचारताय. चमचा माझ्या हातात होता. मी म्हटलं, "आता पडा बरं शांत." तुम्ही आज्ञाधारकासारखे डोळे मिटलेत. गुरुवारी गेलात.

तो एक क्षण मला परत हवा आहे. बाकी काही नको. तुम्ही बरे होऊन उठायलाही नको, नुसते डोळे उघडून पुन्हा एकदा तेवढंच विचारा.

काल भिडे आले होते. पलीकडच्या मोठ्या खाडीवर पूल व्हायचा आहे. खिळ्यांचा की झाळीचा, हे ठरवायला त्यांचं मत मागवलंय. मला म्हणाले, "वहिनी, वय झालं तसा मी निवळलोय. ते सांधे मी दर वर्षी बघतो. माणूस बरोबर होता. पण त्या चिरेचं कारण वहीत नसेल, तर मला 'झाळ नको' असंच लिहावं लागेल. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

ते गेल्यावर मी वही उघडली. हिशेब सगळे इंग्रजीत. चिरेच्या कारणांची पानं मात्र मराठीत, तुमच्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात. लोखंडाचा दोष? वाऱ्याने झाळ विझली? दामाचा हात? त्याच्यापुढे लगेच, नाही, दामाचा नाही. माझं गणित? माझं गणित? माझं गणित? तीनदा लिहिलंय. पानंच्या पानं आकडे. आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत: कांड्यांना ओल? त्यावर आडवी रेघ, आणि पुढे: सौ.ला विचारलं. नाही.

सगळ्यात आधी खऱ्या कारणावर बोट ठेवलं होतंत. माझ्या शब्दावर ते खोडलंत आणि उरलेलं आयुष्य बाकीच्या ओळींत शोधत बसलात.

आज सकाळी मी दामाला बोलावून घेतलं. चीर गेली त्यानंतर महिनाभरात त्याने झाळकाम सोडलं, परत मीठ ओढायला लागला, हे तुम्हाला लागलेलं होतं. का सोडलं ते तो कधी बोलला नाही. मी त्याला सगळं सांगितलं. तो ओटीवर उकिडवा बसून ऐकत होता. मग म्हणाला, "त्या दिशी कांडी तडतडत व्हती, वयनी. मना वाटला, माजाच हात कापतो. सायबाचा पूल माज्या हातानं फुटला, म्हून मी कांडी टाकली." मग माझ्याकडे बघितलं. "येवरी वर्सं, वयनी?"

चहा तसाच ठेवून तो उठला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. फाटकाशी थांबला, वळला. "वहीत लिवा ता. कांडी तडतडत व्हती ता बी लिवा, माज्या नावानं." आणि गेला.

माफ केलंन असं मला वाटत नाही. करूही नये इतक्यात. पण आज दुपारी पहिल्यांदा मला श्वास नीट घेता आला. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी पुष्कळ विचार केला. रागावला असतात, ताट सारून उठला असतात, दोन दिवस बोलला नसतात. आणि तिसऱ्या दिवशी कागद घेऊन साहेबाकडे पळाला असतात, कारण सापडलं म्हणून, नाचत! माझ्यावरचा राग तुम्हाला आठवलाही नसता. हे मला आधीच कळायला हवं होतं. तुमच्या रागाला भिऊन मी तुमचा आनंद अडवून ठेवला.

बाहेर ऊन कलायला लागलंय. मी तुमचीच पेन्सिल घेतली. टोकाला अजून हळदीचा पिवळा डाग आहे. 'नाही' या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं:

ओल होती. कांड्या तीन दिवस मिठाच्या गोणीवर होत्या, नंतर पुसून एक रात्र चुलीवर सुकवल्या. जोडताना तडतडत होत्या असं दामा सांगतो. गणित बरोबर होतं. दामाचा हात बरोबर होता. विचारल्यावर मी खोटं सांगितलं.

मग सही. सवयीने 'सौ.' लिहिलं. खोडायला हात वळेना, पण खोडलं. या वहीत आता काही चुकीचं राहायला नको. पुढे माझं नाव लिहिलं आणि हात थांबला. तुमचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही वन्संनी चिमटा काढला म्हणून. एरवी 'अहो' म्हटलं की तुम्ही यायचात.

यशोदा त्र्यंबक खारकर.

अहो, ऐकताय ना? तुमचं काही चुकलं नव्हतं.